पाय धुऊन घेणं

पत्र :

"आदरणीय ताई,
गेली १४ वर्षं आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेतली मध्यस्थीची प्रार्थना मी चालवत होते. दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी ती जबाबदारी एका पंचविशीतल्या मुलीकडे दिली. मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, उपासना चालू असतानाच कळलं. मी हसून तिचं अभिनंदन केलं. सगळे म्हणाले, 'किती नम्र आहात हो तुम्ही!' घरी आले आणि दार लावून रडले. तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसते. ती प्रार्थना करते तेव्हा तिच्या चुका मोजते.
रोज गुडघे टेकून देवाला म्हणते, मला नम्र कर. आणि लगेच मनात येतं, बघ, किती लीनपणे मागते आहेस. मग स्वतःचीच किळस येते. मी धूळ आहे, मी काहीच नाही, असं घोकत राहते. पण त्यानं मन शांत होत नाही. उलट लहानपणी घरात जे सतत ऐकलं तेच कानात वाजायला लागतं : 'तू कोण मोठी लागून गेलीस?'
देवापुढे खरी नम्रता येते तरी कशी? आणि हे मागच्या बाकावर बसणं म्हणजे नम्रता की रुसवा?
ता. क. गेल्या आठवड्यात पाय मुरगळला. ती मुलगी घरी येऊन काम करून देते म्हणत होती. मी गोड बोलून नको म्हटलं. कुणाला त्रास द्यायला मला आवडत नाही.
— एक बहीण"

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताज्या कलमापाशी अडले. मुरगळलेल्या पायाकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या रडण्याबद्दल बोलू या.

१४ वर्षं म्हणजे सातशेहून जास्त रविवार. कुणाची शस्त्रक्रिया आहे, कुणाच्या घरात भांडण आहे, कुणाचा मुलगा बोलेनासा झालाय, ही सगळी नावं तुम्ही आठवडाभर मनात वागवायची आणि रविवारी देवापुढे ठेवायची. ते काम एका सकाळी हातातून गेलं. हात रिकामे झाले म्हणून रडू आलं, तर त्याला गर्व म्हणू नका. आणि तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, हेही खरंच आहे. पाळकसाहेबांना एकदा भेटा आणि सांगा, "मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं." एवढं बोलून थांबा. जबाबदारी परत मागू नका, इतरांशी त्याची चर्चाही करू नका. पण हे मनात कोंडून वर हसू ठेवायचं, याला आपण मंडळीत फार सहज नम्रता म्हणतो, आणि त्या शब्दाखाली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं कुढत राहिलेली मी पाहिली आहेत.

आता जे तुम्हाला आतून खातंय त्याविषयी. तुम्ही लिहिलंय, ती प्रार्थना करते तेव्हा तुम्ही तिच्या चुका मोजता. प्रार्थनेत स्वतःची लीनताही मोजता. मी धूळ, मी काहीच नाही, हेही मोजमापच आहे, फक्त काटा दुसऱ्या टोकाला गेलाय. मला वाटतं तुमची अडचण हा काटा आहे. तो वर गेला काय नि खाली गेला काय, तुमची नजर त्याच्यावरच खिळलेली राहते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातली मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट, काटेकोर धर्म पाळणारा परूशी आणि लोक पापी समजत तो कर गोळा करणारा जकातदार, तुम्हाला पाठ असेल. पण त्या परूश्याची प्रार्थना एकदा सावकाश वाचा. तो सुरुवात आभारांनी करतो. मी चांगला आहे याचं श्रेयसुद्धा तो देवालाच देतो. आठवड्यातून दोनदा उपास करतो, आणि नियमशास्त्रात ठरवून दिलेला उपास तर वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी होता. म्हणजे हा मनापासून धर्म पाळणारा माणूस आहे, ढोंगी म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही. मग बिघडलं कुठे? "ह्या जकातदारासारखाही मी नाही" या शब्दांत. तो आणि देव यांच्या मध्ये त्यानं एक तिसरा माणूस आणून उभा केला. डोळे मिटून प्रार्थना करताना त्याची नजर तिरकी झाली.

जकातदार दूर उभा आहे. ऊर बडवत एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." मूळ ग्रीकमध्ये त्याच्या तोंडी 'दया कर' याला जो शब्द आहे तो प्रायश्चित्ताच्या कुळातला आहे. माझी भरपाई तूच कर, माझ्यापाशी काही नाही, असा त्याचा भाव. परूश्यापेक्षा मी वाईट, असं तो म्हणत नाही. परूशी तिथे आहे हे त्याच्या ध्यानातही नसावं. त्या प्रार्थनेत दोघंच आहेत, तो आणि देव.

तुमच्या प्रार्थनेत मात्र गेले दोन महिने ती मुलगी उभी आहे. तुम्ही स्वतःला तिच्याहून थोर म्हणा की तिच्याहून क्षुद्र म्हणा, ती तिथून हलत नाही.

आणि ते 'तू कोण मोठी लागून गेलीस'. हे वाचून मला फार वाईट वाटलं. भगिनी, तो आवाज देवाचा नाही. लहान मुलाला खाली दाबणारा आवाज आणि आपल्या निर्माणकर्त्यापुढे आपोआप वाकणारं मन, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण लहानपणी पहिली जिच्या वाट्याला आली, तिला पुढे आयुष्यभर दोन्ही सारख्याच वाटत राहतात. मग ती प्रार्थनेला बसते आणि नकळत स्वतःला तेच ऐकवते, वर त्याला भक्ती म्हणते.

लूकच्याच १३व्या अध्यायात एक बाई आहे. १८ वर्षं कुबडी, तिला काही केल्या सरळ उभं राहता येत नव्हतं. शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात येशूनं तिला पाहिलं आणि जवळ बोलावलं. त्याला जर माणसं वाकलेलीच आवडत असती, तर ही आधीच जमिनीकडे बघत चालत होती. त्यानं तिच्यावर हात ठेवले आणि ती तत्काळ नीट उभी राहिली, देवाचं गौरव करू लागली. पुढे सगळ्यांदेखत तो तिला 'अब्राहामाची कन्या' म्हणाला, म्हणजे देवाच्या लोकांतलीच एक. तिच्या तोंडून स्तुती निघाली ती ताठ उभी राहिल्यावर. तुम्ही 'मी काहीच नाही' म्हणायला लागलात की या बाईला आठवा. आज्ञा म्हणून सांगत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर ते वाक्य काही महिने बाजूला ठेवलं असतं.

त्याऐवजी काय म्हणायचं? जे खरं आणि नेमकं आहे ते. "मी महापापी आहे" यापेक्षा "आज तिनं बोलताना नाव चुकवलं तेव्हा मला बरं वाटलं, प्रभू, मला क्षमा कर" हे म्हणायला कितीतरी जड जातं. पहिलं वाक्य हजार लोकांत उभं राहून म्हणता येतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. दुसरं पुटपुटतानासुद्धा जीभ अडखळते. जिथे ती अडखळते तिथे थोडं थांबा.

पवित्र शास्त्रात ज्याला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र म्हटलंय तो मोशे, इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर आणणारा. गणना, १२वा अध्याय. ही ओळ आपण नेहमी सुटी वाचतो. ती कोणत्या प्रसंगात आलीय ते बघा, तुम्हाला आपल्याच मंडळीत बसल्यासारखं वाटेल.

आधीच्या, ११व्या अध्यायात मोशे थकलाय. हा सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला पेलवत नाही, असं तो देवाला सरळ सांगतो, इतकं की यापेक्षा मला मारून टाक म्हणतो. (नम्र माणूस तक्रार करत नाही असं कुणी सांगितलं, तर हा अध्याय उघडून दाखवा.) देव ७० वडील जमवायला सांगतो आणि मोशेवरच्या आत्म्यातून काही घेऊन त्यांच्यावर ठेवतो. एल्दाद आणि मेदाद नावाचे दोघे मात्र दर्शनमंडपाकडे, देवाच्या भेटीच्या तंबूकडे, गेलेच नव्हते. ते छावणीतच राहिले आणि तिथेच देवाचा संदेश देऊ लागले. एक तरुण धावत सांगायला आला. मोशेचा सेवक यहोशवा याला ते सहन होईना, तो म्हणाला, स्वामी, त्यांना मना करा. आणि मोशे त्यालाच विचारतो, तू माझ्यासाठी हेवा करतोस काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं!

मोशेला हे कसं जमलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं त्यानं त्या भाराचं वजन अनुभवलं होतं. आपण वाहतोय ते ओझं आहे हे ज्याला कळलं, त्याला दुसऱ्याचा हात लागला की हलकं वाटतं. आपण वाहतोय तो मान आहे असं ज्याला वाटतं, त्याला तोच हात चोराचा वाटतो. तुमच्या त्या १४ वर्षांत दोन्ही असणार, ओझंही आणि मानही. माणसाचं असंच असतं. मान गेला ते तुम्हाला टोचतंय. ओझं उतरलं, त्याबद्दल तुम्ही अजून देवाचे आभार मानलेले दिसत नाहीत.

मग १२व्या अध्यायात त्याची सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, बोलायला लागतात : परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलला, आमच्याशी नाही बोलला? मोशे फार नम्र होता ही ओळ नेमकी इथे येते. तो स्वतःची बाजू मांडत नाही, बोलतो तो देवच. मिर्यामच्या अंगावर कोड उठतं तेव्हा मोशे तिच्यासाठी धावा करतो : हे देवा, तिला बरी कर. मूळ हिब्रूत ही प्रार्थना अवघ्या पाच शब्दांची आहे. जिनं आपल्या जागेवर बोट ठेवलं, तिच्यासाठी.

तुमची मध्यस्थीची प्रार्थना गेलेली नाही. मंडळीपुढची गेली. आता त्या मुलीसाठी, तिचं नाव घेऊन, रोज पाच-सहा शब्द बोला. लांब प्रार्थना करू नका, कारण लांब प्रार्थनेत आपण सल्ले द्यायला लागतो : तिला हे शिकव, तिला ते समजू दे. "प्रभू, तिला बळ दे." बास. रविवारी तिचं संपलं की मोठ्यानं 'आमेन' म्हणा. पहिल्यांदा घशातून निघणार नाही कदाचित. तरी म्हणा.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातलं सातवं प्रकरण नम्रतेचं आहे, आणि त्यात याकोबाच्या स्वप्नातल्या शिडीसारख्या १२ पायऱ्या सांगितल्या आहेत. स्वतःला सगळ्यांहून खालचं मानावं, अशी पायरी त्यात आहे. पण ती सातवी आहे. पहिली आहे ती देवाचं भय सतत डोळ्यांसमोर ठेवण्याची, त्याचा कधी विसर न पडू देण्याची. तुम्ही मला वाटतं रोज थेट सातवीवर उडी मारायला बघता आणि पडता. पहिलीत 'मी कशी आहे' हा प्रश्नच नाही, 'तो आहे' एवढंच आहे. यशया संदेष्ट्यानं मंदिरात प्रभूला उंच सिंहासनावर पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडून निघालं की मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. पुढे येशूचा शिष्य झालेल्या पेत्रानं जाळी फाटायला आली तेवढे मासे पाहिले, आणि मग तो येशूच्या गुडघ्यांपाशी पडला. दोघांपैकी कुणीही आधी नम्र होऊन मग देवाकडे गेला नाही. आधी त्यांनी त्याला पाहिलं.

म्हणून काही दिवस 'मला नम्र कर' ही प्रार्थना बंद ठेवा. १३१वं स्तोत्र घ्या, तीनच ओव्यांएवढं आहे. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव आहे, असं त्यात म्हटलंय. अंगावर पिणारं मूल मांडीवर आलं की त्याला काहीतरी हवं असतं, ते चुळबुळ करतं, तोंड फिरवून शोधतं. दूध तुटलेलं नुसतं येऊन बसतं, आई आहे म्हणून. सकाळी तुम्ही तसं बसा. नम्रतासुद्धा मागू नका.

आता तुमचा पाय.

योहानच्या १३व्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या आधीचं वाक्य निसटून जातं : पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून तो उठला. आपण कोण आहोत हे पुरतं ठाऊक असलेला माणूस ते धुळीनं माखलेले पाय हातात घेतो. 'मी काहीच नाही' असं तिथे कुठेही नाही. आणि त्या पायांत येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते, तो अजून उठून गेला नव्हता.

मग पाळी येते पेत्राची. तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! मी कोण, आणि प्रभूनं माझे पाय धुवावेत? तुमच्या "कुणाला त्रास द्यायला मला आवडत नाही" यासारखंच ते आहे. येशूचं उत्तर कडक आहे : मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

एकदा माझ्या उजव्या हाताला सहा आठवडे प्लास्टर होतं. मी स्वतः कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली, त्यामुळे मला वाटायचं मला सेवा कळते. मंडळीतली एक बाई दुपारी यायची आणि माझे केस विंचरून द्यायची. तिच्याशी माझं फारसं पटत नव्हतं. पहिल्या दिवशी मी मान ताठ धरून बसले होते. ती गुंता टोकाकडून सोडवत वर यायची, दुखू नये म्हणून मुळापाशी केस मुठीत धरून. बोलत काही नव्हती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझी मान आपोआप सैल पडली आणि मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी देत होते, आणि देणारीच्या जागेवर बसून सगळ्यांवर प्रेम करत होते. त्या फणीखाली माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तिच्याबद्दल जे काही मनात होतं ते त्या खोलीत टिकलं नाही. आणि त्या रात्री किती दिवसांनी मी प्रार्थनेत स्वतःकडे पाहायला विसरले.

करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल विचारतो, जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? या प्रश्नाचं उत्तर आपण तोंडानं देतो, "काही नाही." कुणीतरी आपल्या घरात येऊन आपली उष्टी भांडी घासतं तेव्हा ते उत्तर अंगाला कळतं. पेत्रालाही पुढे कळलंच. म्हातारपणीच्या पत्रात तो लिहितो, एकमेकांची सेवा करण्यासाठी नम्रतारूपी कमरबंद बांधा. त्या रात्रीचा कमरेचा रुमाल त्याच्या डोळ्यांपुढे असणार, असं मला नेहमी वाटतं. पण तो लिहिण्याआधी त्याला पाय पुढे करावे लागले होते.

तेव्हा त्या मुलीला फोन करा. "परवा तू विचारलं होतंस, मी नको म्हटलं. येशील का?" असं विचारा. ती आली की तिच्यामागे लंगडत फिरू नका, भांडी कुठे ठेवायची ते सांगून बसून राहा. तिनं वेगळ्या पद्धतीनं लावली तर राहू द्या. परतफेड म्हणून लगेच काही हातात कोंबू नका. आणि ती जाण्याआधी तिला म्हणा, "माझ्या पायासाठी प्रार्थना कर." कदाचित ती अडखळेल, तुमच्यासमोर करायची म्हणून घाबरेलसुद्धा. १४ वर्षं जी बाई सगळ्यांसाठी मागत होती, तिच्यासाठी मागायला तिला किती धीर लागेल याचा विचार करा. मोजू मात्र नका.

जखम जुनी आहे, तेव्हा हेवा एका भेटीत जाणार नाही. पुढच्या रविवारी परत डोकं वर काढेल. तेव्हा दचकू नका, स्वतःची किळसही करू नका. त्याचं नाव घ्या, क्षमा मागा, पाच शब्द बोला आणि पुढचं गीत म्हणा. लोकांनी पुन्हा "किती नम्र" म्हटलं तर नाही-नाही म्हणत बसू नका, त्यानं तो विषय लांबतो. "आभारी आहे" म्हणा आणि त्यांच्या घरच्यांची विचारपूस करा. ती तुम्हाला खरोखर उत्तम येते.

राहिला मागचा बाक. मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी बसा, असं प्रभूनं सांगितलंय खरं. पण तुम्ही तिथे बसता ते कुणी तरी विचारावं म्हणून, आणि कुणी विचारत नाही म्हणून दर रविवारी थोड्या अधिक दुखावून घरी जाता. म्हणून रुसवाच म्हणते मी त्याला, आणि हे प्रेमानं म्हणते. तुमच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसा. कडेची जागा मिळाली तर बरं, पाय लांब करता येईल. सूज उतरेपर्यंत तो फार वेळ लोंबकळता ठेवू नका.

तुमची,
ताई